करमुक्तीच्या अटी

प्राप्तिकराच्या कायद्यात एखादे उत्पन्न करमुक्त असते तेव्हा ते कराच्या हिशेबात शिरतच नाही. वर्षभराच्या उत्पन्नाची बेरीज मांडताना ते बाजूला ठेवले जाते आणि उरलेल्या रकमेवर कर काढला जातो. पीपीएफवरचे व्याज, ठरलेल्या मर्यादेपर्यंतची ग्रॅच्युइटी, उसाचे आलेले बिल ही अशी उत्पन्ने आहेत. विवरणपत्रात ती दाखवावी लागतात, पण वेगळ्या रकान्यात. शाळा, धर्मादाय रुग्णालय किंवा देवस्थान ‘करमुक्त’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा मात्र प्रकार थोडा वेगळा असतो. तिथे संस्थेला कायमची माफी मिळालेली नसते. तिने काही अटी पाळल्या तर त्या वर्षीचे उत्पन्न करातून सुटते, आणि अटी मोडल्या तर तेच उत्पन्न करपात्र ठरते. करमुक्तीवरच्या चर्चेत या अटींकडे सर्वात कमी लक्ष जाते. वास्तविक या विषयाचा गाभा तिथेच आहे.

करमुक्त उत्पन्नाशी नेहमी गल्लत होते ती वजावट आणि सवलत यांची. वजावट म्हणजे उत्पन्न आधी बेरजेत धरायचे आणि मग एखाद्या खर्चापोटी किंवा गुंतवणुकीपोटी काही रक्कम वजा करायची. सवलत त्याच्याही नंतर येते. कर किती होतो हे काढून झाल्यावर तो पूर्ण किंवा काही अंशी सोडून दिला जातो. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ‘बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त’ असे घरोघरी बोलले गेले, पण ते बरोबर नाही. नव्या करप्रणालीत शून्य कराचा टप्पा चार लाखांपर्यंतच आहे. बारा लाखांवर हिशेबाने साठ हजार रुपये कर होतो आणि तेवढीच सवलत देऊन तो सोडला जातो. फरक नुसता शब्दांचा असता तर त्याची इतकी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. ज्याला व्यवसायातून आठ लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांवर तीन लाख नफा झाला, त्याचे एकूण उत्पन्न अकरा लाखच भरते. तरीही त्या तीन लाखांवर त्याला वीस टक्क्यांनी साठ हजार आणि वर उपकर द्यावा लागतो, कारण ही सवलत शेअरांवरच्या अशा नफ्याला लागू नाही. बारा लाख खरोखरच करमुक्त असते तर हा प्रसंग आला नसता.

व्यक्तींच्या करमुक्त उत्पन्नांमध्ये सर्वात मोठे आणि सर्वात वादाचे उत्पन्न शेतीचे. १८६० साली जेम्स विल्सनने भारतात पहिला प्राप्तिकर आणला तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यात धरले होते. जमिनीवर शेतसारा असताना पुन्हा प्राप्तिकर कशाला, या विचाराने १८८६ च्या कायद्याने ते वगळले. पुढे राज्यघटनेने ही वाटणी पक्की केली. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला आणि शेती उत्पन्नावरचा राज्यांकडे. म्हणून केंद्राच्या अर्थमंत्र्याने ठरवले तरी शेतकऱ्यावर साधा प्राप्तिकर बसवता येत नाही. त्यासाठी घटनाच बदलावी लागेल.

शेतीचे उत्पन्न कशाला म्हणायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९५७ साली राजा विनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली. जमिनीची मशागत, पेरणी, लावणी अशी मूळ कामे झालेली असली पाहिजेत. आपोआप उगवलेल्या रानाची नुसती राखण करून लाकूड विकले तर ती शेती नव्हे. ऊस विकून आलेले पैसे करमुक्त असतात. त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या दुधाचे आणि खुराड्यातल्या कोंबड्यांचे पैसे करपात्र असतात. रोपवाटिकेत कुंडीत वाढवलेली रोपे कायद्यात मुद्दाम दुरुस्ती करून शेतीत घातली आहेत. चहाचा मळेवाला स्वतःची पाने स्वतःच्या कारखान्यात तयार करतो तेव्हा उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा आणि ४० टक्के धंद्याचा मानला जातो. साखर कारखान्याने स्वतःच्या जमिनीवरचा ऊस गाळला तर उसाची बाजारभावाने होणारी किंमत शेतीकडे जाते आणि उरलेला नफा कारखानदारीकडे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दुसऱ्या उत्पन्नाचा कर वाढवू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. के. एन. राज यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १९७३ पासून ही पद्धत आली. एखाद्या डॉक्टरला दवाखान्यातून आणि बागायतीतून अशी दोन्ही उत्पन्ने असतील, तर दर ठरवताना दोन्हींची बेरीज केली जाते आणि दवाखान्याचे उत्पन्न वरच्या टप्प्यात ढकलले जाते. बागायतीवर कर बसत नाही. दवाखान्याच्या उत्पन्नावरचा कर मात्र वाढतो. ज्याचे पोट केवळ शेतीवर आहे त्याला याची झळ नाही. घटनेची चौकट न मोडता काढलेली ही वाट शहाणपणाची आहे. पण मूळ दोष तिने जात नाही. ही माफी दोन एकर कोरडवाहू कसणाऱ्याला जशी मिळते तशीच शेकडो एकरांवर बियाणे पिकवणाऱ्या कंपनीलाही मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न मुळात कराच्या उंबरठ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे त्याला माफीचा प्रत्यक्ष लाभ जवळजवळ शून्यच. लाभ होतो तो मोठ्याला. शिवाय धंद्यातला पैसा शेतीचा म्हणून दाखवण्याचा मोह होतो, तो वेगळाच.

बाकीच्या करमुक्त उत्पन्नांमागे साधी कारणे आहेत. भागीदारी पेढीच्या नफ्यातला वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो, कारण पेढीने त्यावर आधीच कर भरलेला असतो. शेअरांवरचा लाभांशही याच न्यायाने बरीच वर्षे करमुक्त होता. लाभांश वाटताना कंपनीच कर भरत असे. १ एप्रिल २०२० पासून कंपनीवरचा तो कर गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात आला. शिष्यवृत्ती करमुक्त आहे, कारण तो शिक्षणाचा खर्च आहे. ईशान्येतील ठरावीक प्रदेशांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांचे तिथले उत्पन्न करमुक्त असते, तसेच सिक्कीमच्या मूळ रहिवाशांचेही. त्यामागे इतिहास आणि सामीलीकरणाच्या वेळचे करार-मदार आहेत.

संस्थांना कर सोडण्याची रीत मात्र प्राप्तिकराहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक फार जुना पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राजवर्षातला लेख आहे. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिल्याचे त्यात सांगितले आहे आणि दानासोबत संरक्षणेही मोजून दिली आहेत. सैनिकांनी त्या शेतात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, मुलखाच्या अधिकाऱ्यांनी त्यात हात घालू नये. चोविसाव्या वर्षीचा दुसरा लेख सांगतो की ते गाव ओस पडल्यामुळे शेत कसले जात नव्हते, म्हणून त्याऐवजी १०० निवर्तनांचे दुसरे शेत दिले. नुसती माफी देऊन संस्था चालत नाही, उत्पन्नही असावे लागते, हे त्या राजसत्तेला उमगले होते. पुढे शिलाहारांच्या काळात दानाला धक्का लावणाऱ्याला शाप देणारे गधेगाळ उभे राहिले. मराठेशाहीत देवस्थानांना इनामे मिळाली. इंग्रजांनी इनाम कमिशन बसवून, १८५२ च्या कायद्याने, प्रत्येकाची सनद तपासली. दिलेली माफी खरी आहे का आणि ज्या कामासाठी दिली त्यालाच ती लागते का, ही चौकशी तेव्हाही सुटली नव्हती.

आधुनिक कायद्यात धर्मादाय काम कशाला म्हणायचे याची चौकट इंग्लंडमधून आली. १८९१ च्या पेम्सेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी चार प्रकार सांगितले: गरिबांना साहाय्य, शिक्षणाचा प्रसार, धर्माचा प्रसार आणि समाजाच्या उपयोगाची इतर कामे. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली व्याख्या त्याच वळणाची आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या जोडीला पुढे पर्यावरणरक्षण, स्मारकांचे जतन आणि योग यांची भर पडली आणि शेवटी ‘सर्वसाधारण लोकोपयोगाचे इतर कोणतेही काम’ असा एक मोठा कप्पा ठेवला. धार्मिक कामांची सूट वेगळी सांगितली आहे.

महाराष्ट्रात संस्था काढणाऱ्यांचा पहिला गोंधळ नोंदणीपाशी होतो. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवला की कर माफ झाला, असा समज सर्रास आढळतो. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीने न्यासाला अस्तित्व मिळते. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, बदल अर्ज मंजूर झाला की नाही, हे त्यांचे क्षेत्र. करमुक्तीसाठी आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी लागते, जिला कार्यकर्ते आजही ‘बारा ए’ म्हणून ओळखतात. ही नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की कायम असे. आता नवख्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती आणि मग पाच वर्षांची मिळते. लहान संस्थांना २०२५ च्या दुरुस्तीने दहा वर्षांची. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही तर चांगले काम करणारी संस्थाही अडचणीत येते. गावोगावच्या वाचनालयांना आणि व्यायामशाळांना याचा सर्वाधिक त्रास आहे, कारण तिथे हिशेब सांभाळणारा बहुधा एखादा निवृत्त शिक्षक असतो.

नोंदणीनंतर खरी परीक्षा पैशाच्या वाटेची. वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च झाले पाहिजेत. १५ टक्के शिल्लक ठेवता येतात. इमारतीसारख्या मोठ्या कामासाठी जास्त साठवायचे असेल तर कारण लिहून देऊन पाच वर्षांपर्यंत साठवता येते. शिल्लक कुठे ठेवायची हेही ठरलेले आहे: बँका, टपाल खाते, सरकारी रोखे अशा सांगितलेल्या जागीच. विश्वस्ताच्या भावाच्या दुकानात ती बिनव्याजी वापरायला दिली की सूट धोक्यात येते. संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार यांना संस्थेच्या पैशातून गैरवाजवी फायदा होता कामा नये. विश्वस्ताने केलेल्या कामाचा वाजवी मोबदला चालतो. बाजारभावाच्या दुप्पट भाड्याने त्याचीच जागा घेणे चालत नाही.

एका अटीचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. केवळ एका जातीसाठी किंवा एका धर्माच्या लोकांसाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला सूट मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्था याला अपवाद आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी केली, आणि त्या काळात बहुजनांच्या शिक्षणाचा तोच मार्ग होता. अशा जुन्या न्यासांना हे बंधन लागत नाही, कारण ते १९६१ चा कायदा अमलात आल्यानंतर स्थापन झालेल्या संस्थांपुरतेच आहे. नव्याने संस्था काढणाऱ्या ज्ञातिमंडळाने मात्र घटनेतले उद्दिष्ट लिहितानाच विचार करायला हवा. पुढे सगळे त्यावरच अडते.

या सर्व अटींत नफा करू नये अशी अट कुठेच नाही. खर्च वजा जाता शिल्लक उरली म्हणून शाळा किंवा रुग्णालय करमुक्ती गमावत नाही. ती शिल्लक कोणाच्या खिशात गेली तर गमावते. तरी शिल्लक किती आणि कशातून, याला मर्यादा आहेत. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर दोन महत्त्वाचे निकाल दिले. न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात असे ठरले की शिक्षणसंस्था म्हणून मिळणाऱ्या विशेष सुटीसाठी संस्थेची सगळी उद्दिष्टे शिक्षणाचीच हवीत. पाठ्यपुस्तके, शाळेची बस, वसतिगृह अशी शिक्षणाला जोडून येणारी कामे चालतील. दुसरा निकाल अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाचा. ‘इतर लोकोपयोगी काम’ या कप्प्यातली संस्था सेवेसाठी शुल्क घेऊ शकते, पण ते खर्चाच्या आसपास असावे. खर्चाहून बरेच जास्त घेतले तर तो व्यापार, आणि व्यापाराची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेली की त्या वर्षीची सूट गेली. राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणे याच कसोटीवर पुन्हा तपासायला परत पाठवली गेली, कारण प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणारा पैसा खेळाच्या प्रसारासाठी मिळालेली जमा म्हणायचा की धंदा, हा प्रश्न होता. हा निकाल कठोर वाटला तरी योग्य आहे. खुल्या बाजारात कर भरणाऱ्या व्यावसायिकाशी करमुक्त संस्था स्पर्धा करू लागली, तर सूट समाजाला मिळत नाही, ती संस्थेच्या ताळेबंदात मुरते.

देवस्थानांच्या बाबतीत प्रश्न हुंडीचा येतो. दानपेटीत पैसा कोणी टाकला हे कळत नाही, आणि निनावी देणगी हा काळा पैसा पांढरा करण्याचा मार्ग होऊ नये म्हणून धर्मादाय संस्थांच्या अशा देणग्यांवर ३० टक्के कर आहे. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांतली मोठी रक्कम त्यातून सुटते. निव्वळ धार्मिक संस्थांना हा कर नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा मिश्र संस्थांनाही तो नाही, फक्त त्यांच्या शाळा-रुग्णालयांसाठी म्हणून दिलेल्या निनावी देणग्या सोडून. शिर्डीचे साईबाबा संस्थान यांपैकी कशात मोडते, यावर आयकर खात्याशी वाद झाला. संस्थानाचा धार्मिक खर्च थोडा आणि रुग्णालये, शिक्षण, अन्नदान यांवरचा मोठा, म्हणून ते निव्वळ धर्मादाय, असे खात्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते फेटाळले आणि संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, असा निकाल देऊन हुंडीतल्या देणग्यांवरची सूट कायम ठेवली. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या पहिल्या मसुद्यात मिश्र संस्थांची ही सवलत गळाली होती. संसदेच्या प्रवर समितीच्या शिफारशीने ती परत आली.

देणगीदाराची सवलत हा वेगळा विषय आहे, आणि तिला वेगळीच मान्यता लागते, ‘ऐंशी जी’ची. इथे देणगीदाराला वजावट मिळते आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. बहुतेक संस्थांच्या देणगीवर निम्म्या रकमेची वजावट असते. ‘निम्मे पैसे परत मिळतात’ ही समजूत चुकीची आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने दहा हजार दिले तर पाच हजारांची वजावट मिळून त्याचा कर एक हजार आणि त्यावरचा उपकर एवढाच वाचतो. दोन हजारांच्या वर रोख दिले तर तेही नाही. धान्य, कपडे, वस्तू यांना वजावट नाही.

करमुक्ती हे एका कराचे नाते आहे, सगळ्या करांचे नाही. प्राप्तिकर न भरणाऱ्या संस्थेला कर्मचाऱ्यांच्या पगारातून कर कापून भरावाच लागतो. जीएसटीत धर्मादाय कामांची व्याख्या फार आखडती आहे. नोंदणीकृत धार्मिक संस्थेचे मंगल कार्यालय दिवसाला दहा हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याने दिले तरच ते त्यातून सुटते. मालमत्ता करासाठी महापालिकेचा स्वतंत्र कायदा पाहावा लागतो. मुंबईत १८८८ च्या कायद्याने सार्वजनिक पूजा किंवा धर्मादाय कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या वास्तूला सर्वसाधारण करातून सूट आहे.

एक करमुक्ती मात्र कोणत्याही पुण्यकर्माशिवाय मिळते, आणि ती शहरातल्या लाखो कुटुंबांना लागू आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटी सभासदांकडून देखभालखर्च घेते आणि त्यांच्याचसाठी खर्च करते. स्वतःचाच पैसा एकत्र करून स्वतःवरच खर्चल्याने उत्पन्न होत नाही, असे हे परस्परतेचे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या व्यंकटेश प्रिमायसेस खटल्यात सभासदांकडून घेतलेले हस्तांतर शुल्क आणि स्वतः न राहणाऱ्या सभासदाकडचे शुल्कही याच तत्त्वात बसवले. गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा आला की ते भाडे मात्र बाहेरून आलेले, म्हणून करपात्र.

सोडलेला कर कुठून तरी भरून निघतो. केंद्र सरकार अर्थसंकल्पासोबत सवलतींमुळे न मिळालेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करते, ते याच जाणिवेतून. रुग्णालयाला सोडलेला रुपया म्हणजे सरकारने त्या रुग्णालयाला दिलेला रुपयाच, म्हणून त्याचा मोबदला मागण्याचा हक्क जनतेला आहे. महाराष्ट्रात हा हक्क कायद्यात उतरला आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, ही २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना आहे. गरजू माणसाला ती माहीत नसते, आणि दारावरच्या फलकाकडे बोट दाखवून ती मागण्याचे बळही त्याच्यात नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा प्राप्तिकर कायदा घेतो. ‘बारा ए’, ‘ऐंशी जी’ ही कलमांची नावे त्यात राहत नाहीत. धर्मादाय आणि धार्मिक संस्थांच्या तरतुदी एका प्रकरणात आणून त्यांना नोंदणीकृत ना-नफा संस्था म्हटले आहे. अटी मात्र मोठ्या प्रमाणावर त्याच आहेत, आणि २०१६ पासून लागू असलेला बाहेर पडण्याचा करही कायम आहे. संस्थेची नोंदणी रद्द झाली किंवा ती नोंदणी नसलेल्या संस्थेत विलीन झाली, तर तिच्या मिळकतीच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर सर्वात वरच्या दराने कर द्यावा लागतो. संस्था बंदच करायची असेल तर तिची सगळी मालमत्ता बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला सोपवावी लागते.